पहिलटकरणीने दूध पाजण्याचा धडा केव्हा घ्यावा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. सकाळची रुग्णांची गर्दी ओसरत आली होती. जवळच्या खेड्यातून एक बाई आपल्या बाळंतीण मुलीला आणि सहा दिवसांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीला सणकून ताप होता. छाती दगडासारखी टणक झाली होती आणि ठणक्यामुळे ती हात लावू देत नव्हती. बाळाला आदल्या रात्रीपासून पातळ जुलाब होत होते.

विचारपूस केली तेव्हा सगळा प्रकार कळला. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी बाळ फार रडू लागले. शेजारच्या खाटेवरील बाईंनी सांगितले, 'पोरीला दूध उतरलं नाही, बाळ उपाशी आहे.' लगेच गाईचे दूध आणले गेले, त्यात निम्मे पाणी घातले आणि बाटली सुरू झाली. चौथ्या दिवशी मुलीला भरपूर दूध आले. पण तोपर्यंत बाळाला बाटलीची सवय लागली होती, ते छातीला तोंड लावीना. दूध आत साठत गेले, गाठी झाल्या, ताप भरला. इकडे बाटलीने आपले काम केले आणि बाळाचे पोट बिघडले.

मी मुलीचे तपासणीचे कार्ड मागितले. कार्ड अगदी व्यवस्थित होते. धनुर्वाताची इंजेक्शने, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, रक्तदाब, वजन सगळे तारखेनिशी लिहिलेले.

मी विचारले, 'बाळाला पाजायचं कसं, हे तुला आधी कोणी सांगितलं होतं का गं?'

ती म्हणाली, 'नाही डॉक्टर. ते येतंच की आपोआप, असं वाटलं.'

ज्यांनी तिला सांगितले नाही त्यांत मीही होतो. गरोदरपणात ती दोन वेळा खोकल्यासाठी माझ्याकडे येऊन गेली होती. मी औषध लिहून दिले, गोळ्या चालू आहेत ना हे विचारले आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. बाळाला दोन दिवस बालरोगतज्ज्ञांकडे दाखल करावे लागले. आईला औषधे दिली, दूध हाताने काढायला शिकवले, ते बोंडल्याने बाळाला पाजले. बाळ पुन्हा छातीशी लागायला दहा दिवस गेले. जो धडा गरोदरपणात दहा-पंधरा मिनिटांत देता आला असता, त्याच्या अभावी दोन जीवांना हा त्रास झाला. आजचा लेख त्याच धड्यासाठी आहे.

सातवा महिनाच का?

दूध येणे हे निसर्गाचे काम आहे, पण दूध पाजणे हे शिकण्याचे काम आहे. पूर्वी एकत्र कुटुंबात मुलगी लहानपणापासून काकू, वहिनी, मोठी बहीण यांना पाजताना पाहत असे. न शिकवता ती शिकत असे. आज घरे लहान झाली. अनेक मुलींच्या हातात येणारे पहिले तान्हे मूल हे त्यांचे स्वतःचेच असते.

बाळंतपण झाल्यावर शिकवू म्हटले तर ती वेळ योग्य नसते. बाळंतीण थकलेली असते, टाके दुखत असतात, झोप झालेली नसते. भोवती पाच माणसे पाच सल्ले देत असतात. अशा वेळी डोक्यात नवीन काही शिरत नाही. आधी जे ठाऊक असेल तेच उपयोगी पडते. म्हणून धडा आधी हवा.

आपल्याकडे सातव्या महिन्याच्या सुमारास ओटीभरण, डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. म्हणजे तपासणी एका गावी, बाळंतपण दुसऱ्या गावी आणि सल्ला देणाऱ्या दोन घरच्या वडीलधाऱ्या बायका. तेव्हा माहेरी जाण्यापूर्वी एकदा सासूबाईंना बरोबर घेऊन आणि माहेरी गेल्यावर एकदा आईला बरोबर घेऊन हा विषय डॉक्टरांशी किंवा नर्सशी बोलून घ्यावा.

हे केवळ माझे मत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्या. त्यांतील तिसरी पायरी गरोदर स्त्रीला आधीच माहिती देण्याची आहे. २०१८ साली या पायऱ्या नव्याने लिहिल्या गेल्या, तेव्हा गरोदर स्त्रीबरोबर तिच्या कुटुंबाशीही बोलावे, असे त्यात स्पष्ट म्हटले गेले. आपल्या केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०१६ मध्ये स्तनपानासाठी 'मा' हा कार्यक्रम सुरू केला.

तरीही चित्र काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. मात्र जन्मल्यापासून एका तासात आईचे दूध मिळालेली मुले होती फक्त ४१.८ टक्के. बाळंतपण दवाखान्यात झाले म्हणजे पाजण्याचेही सगळे आपोआप नीट होते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

चीक थोडाच असतो, आणि थोडाच लागतो

पहिलटकरणीने सर्वांत आधी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही: पहिले दोन-तीन दिवस छातीतून जो घट्ट, पिवळसर चीक येतो, तेच त्या दिवसांचे दूध. तो गरोदरपणातच तयार होऊ लागलेला असतो. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरकांमध्ये बदल होतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरभरून येऊ लागते. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या स्त्रीला कधीकधी याहून एखादा दिवस उशीर होतो.

मग तोपर्यंत बाळ उपाशी राहते का? नाही. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलिलीटर, म्हणजे अर्धा ते दोन लहान चमचेच घेते. चौथ्या दिवसापर्यंत हेच प्रमाण ३० ते ६० मिलिलीटरपर्यंत जाते. बाळाची गरज आणि आईचे दूध हातात हात घालून वाढतात. त्या दुसऱ्या दिवशी कुणी छाती दाबून पाहिली आणि धार आली नाही, तर 'दूध नाही' असा निकाल द्यायचा नसतो.

चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात आणि त्याने बाळाची काळी शी लवकर बाहेर पडते. काही घरांत अजूनही चीक 'खराब दूध' म्हणून पिळून टाकतात. गाय व्याली की वासराला चीक मिळालाच पाहिजे, हे आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मग आपल्याच नातवंडाचा चीक का टाकायचा?

विहीर आणि उपसा

दूध कसे वाढते हे समजले की निम्मी काळजी मिटते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. विहिरीचा उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की झरे बुजतात. छातीचेही तसेच आहे. बाळ जितके ओढील तितके दूध बनते. वरच्या दुधाची एक बाटली दिली की बाळाचे एक पाजणे चुकते, तेवढा उपसा कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी येते. मग घरचे म्हणतात, 'बघा, आम्ही म्हणत होतो ना!'

प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. ऑक्सिटोसिनवर मनाचा परिणाम होतो. भीती, दुखणे, घरातील टोमणे यांनी पान्हा आखडतो. 'तुला दूधच नाही' हे वाक्य बाळंतिणीसमोर वारंवार बोलणे म्हणजे तिचा पान्हा अडवणे होय. छातीच्या लहान-मोठ्या आकाराचा दुधाशी संबंध नाही, हेही सांगून ठेवतो.

पहिला तास

जन्मल्यावर बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवले, वरून दोघांना एक पांघरूण घातले, तर निरोगी बाळ हळूहळू सरकत, चाटत, वास घेत स्वतःच छातीपर्यंत पोचते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८७ साली ही गोष्ट नोंदवली. पहिल्या तासात बाळ जागे आणि उत्सुक असते. त्यानंतर बहुतेक बाळे बराच वेळ झोपतात. म्हणून हा तास दवडू नये.

सिझेरियन झाले तरी हे जमते. आता बहुतेक ठिकाणी कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया करतात, आई शुद्धीवर असते. कुणीतरी मदतीला असेल तर तिला लवकर पाजता येते. म्हणून जिथे बाळंतपण होणार त्या डॉक्टरांना आठव्या-नवव्या महिन्यातच सांगावे, 'बाळ ठीक असेल तर लगेच माझ्या अंगावर द्या, आणि मला न विचारता वरचे काही देऊ नका.' हे सांगण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा आनंदच होईल. आई किंवा बाळ अत्यवस्थ असल्यास अर्थातच डॉक्टर जो निर्णय घेतील तो मानावा.

टॉवेलच्या गुंडाळीवर सराव

बाळाला छातीशी कसे धरायचे याचा सराव गरोदरपणातच करता येतो. मोठा टॉवेल गुंडाळून बाळाएवढा करावा आणि पुढील गोष्टी दोन-चार वेळा करून पाहाव्यात.

पाठीला भिंतीचा किंवा उशीचा आधार घेऊन आरामात बसावे. आपण बाळावर वाकायचे नाही, बाळाला आपल्याकडे आणायचे. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी. त्याचे पोट आपल्या पोटाला चिकटलेले असावे. मान वळवून त्याला प्यावे लागू नये. नुसते डोके न धरता ढुंगणापर्यंत सगळ्या अंगाला आधार द्यावा. त्याचे नाक आपल्या स्तनाग्रासमोर यावे. ओठांना स्तनाग्राचा स्पर्श केला की बाळ तोंड उघडते. ते जांभई दिल्यासारखे मोठे उघडेपर्यंत थांबावे, आणि मग पटकन जवळ घ्यावे.

तोंडात नुसते टोक नव्हे तर भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा. नीट लागले आहे हे ओळखण्याच्या खुणा चार: तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा. असे लागले की दुखत नाही. सारखे दुखत असेल, चिरा पडत असतील तर बाळ केवळ टोक चोखते आहे असे समजावे. मग करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा नीट लावावे. ओढून काढू नये.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर निजून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजता येते. हाही सराव टॉवेलवर करून ठेवावा.

घड्याळ नको, बाळ पाहा

दर तीन तासांनी पाजावे, असे पूर्वी सांगत असत. आता तसे सांगत नाहीत. बाळ मागेल तेव्हा पाजावे. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा होते. सुरुवातीच्या दिवसांत बाळ झोपाळू असेल तर उठवून पाजावे. बाळ मूठ तोंडाकडे नेते, जीभ बाहेर काढते, मान इकडेतिकडे वळवते. या भुकेच्या पहिल्या खुणा आहेत. रडणे ही शेवटची खूण. आणि प्रत्येक रडणे भुकेचे नसते. ओले झाले, उकडले, थंडी वाजली, पोटात वायू धरला, कुणीतरी जवळ घ्यावे असे वाटले, तरी बाळ रडते. दुसऱ्या रात्री तर पुष्कळ बाळे सारखी छाती मागतात. दूध वाढवून घेण्याची ती त्यांची रीत आहे.

दूध पुरते की नाही?

आत गेलेले दूध दिसत नाही, म्हणून शंका येते. पण बाहेर आलेले दिसते! पाचव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर आणि फिकी शू करीत असेल, काळी शी जाऊन पिवळी पातळसर शी होऊ लागली असेल, पाजताना गिळल्याचा आवाज येत असेल आणि पाजल्यावर बाळ शांत होत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे कमी होते. साधारण १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते आणि मग वाढत जाते. त्यासाठी वजन करून घेत जावे.

मात्र हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की काही थोड्या स्त्रियांना सर्व प्रयत्न करूनही दूध खरोखरच कमी येते. त्यात त्यांचा दोष नसतो. पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहत बसू नये, बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे: शू फार कमी किंवा गर्द पिवळी होणे, पाचव्या दिवशीही शी काळीच असणे, बाळ मलूल होऊन पिण्यासाठी न उठणे, कावीळ वाढत हातापायांच्या तळव्यांपर्यंत येणे, वजन १० टक्क्यांहून अधिक घटणे. कोमट अंग, ताप किंवा अंग गार पडणे यांतील फरक घरी ओळखता आला नाही तरी चालेल, बाळ 'नेहमीसारखे नाही' असे आईला वाटले तरी दाखवावे. अशा वेळी डॉक्टरांनी काही दिवस वरचे दूध सांगितले तर ते औषध समजून द्यावे, मनाला लावून घेऊ नये. बाळ वाचवणे पहिले, बाकी सगळे नंतर.

मध, गुटी, पाणी आणि डबा

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध सोडले तर दुसरे काही नाही, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, मग पाणी नको कसे, असे आजीबाई विचारतात. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. बाळंतिणीला पाणी तोडण्याची चाल सोडून द्यावी.

जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची रीत भावनेची आहे, हे मी जाणतो. पण मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात आणि त्यांतून लहान बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध नको. गुळाचे पाणी, साखरपाणी, सहाणेवर उगाळलेली गुटी यांनीही जंतू पोटात जातात आणि बाळाची भूक मोडते. रीत पाळायचीच असेल तर सोन्याच्या अंगठीने बाळाच्या हाताला स्पर्श करावा. ओठांवर पहिला थेंब आईच्या चिकाचा असू द्यावा.

आता डब्याच्या दुधाविषयी. तीस वर्षांपूर्वी मी नवीन दवाखाना टाकला, तेव्हा रडणारे बाळ आणि घाबरलेले आजोबा समोर आले की मी चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहून देत असे. पाच मिनिटांत सगळे खूश होऊन जात. छातीशी बाळ कसे लावावे हे दाखवायला अर्धा तास लागला असता आणि खरे सांगायचे तर ते मला तेव्हा नीट येतही नव्हते. डबा पुरवायचा म्हणून त्यात पाणी जास्त घालणारी, बाटली नुसती विसळून पुन्हा भरणारी घरे मी नंतर पाहिली. तीच बाळे जुलाब होऊन, डोळे खोल जाऊन माझ्याचकडे परत येत. सलाईन लावून मी त्यांना बरे केले की लोक माझे आभार मानत. ते आभार आजही मला टोचतात.

या दुधांच्या व बाटल्यांच्या जाहिरातीवर आणि मोफत नमुने वाटण्यावर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. तुम्हाला कुणी प्रसूतिगृहात भेट म्हणून डबा देऊ लागले तर तो घेऊ नका. कधी वरचे पाजणे भागच पडले किंवा आईचे काढलेले दूध द्यायचे असले, तर बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे. ते घासून उकळता येते.

गरोदरपणात तपासून घ्यायचे ते

एखाद्या तपासणीच्या वेळी छातीही तपासून घ्यावी. स्तनाग्र आत ओढलेले असेल तर पूर्वी आम्ही ते रोज ओढून बाहेर काढण्याचे व्यायाम सांगत असू. त्याचा उपयोग होत नाही, असे पुढे अभ्यासांत दिसले. म्हणून गरोदरपणी ओढाताण करू नये. बाळंतपणानंतर नर्सच्या मदतीने अशा बहुतेक स्त्रिया नीट पाजू शकतात. फक्त डॉक्टरांना आधी ठाऊक असावे. स्तनाग्राला साबण लावू नये, त्याने कातडी कोरडी पडते. पूर्वी छातीवर शस्त्रक्रिया झाली असेल, थायरॉईड, मधुमेह, फिट्स, क्षय असे आजार असतील किंवा काही औषधे रोज चालू असतील तर त्याची चर्चा आधीच करावी. बहुतेक आजारांत आणि औषधांत पाजता येते. क्षयाच्या रुग्णानेही उपचार घेत पाजावे. कावीळ 'बी' असेल तर बाळाला जन्मताच लस व डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन देऊन पाजता येते. एचआयव्ही असेल तर औषधे नियमित घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजता येते. कर्करोगावरील औषधांसारखे अपवाद थोडे आहेत. मनाने औषध बंद करू नये आणि मनाने पाजणेही बंद करू नये.

धडा घरच्यांचाही

पाजते आई, पण पाजू देते घर. सासूबाई आणि आईंनी एवढेच करावे: पहिले चार दिवस 'दूध नाही' हा शब्द तोंडातून काढू नये. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू प्रेमाने करावेत, पण भाकरी-वरण, पालेभाज्या, डाळी, फळे, जमेल त्यांनी दूध-अंडी हेही भरपूर द्यावे. पाजणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी अधिक लागतात. नुसत्या तूपभातावर ठेवू नये.

नवऱ्याने काय करावे? बाळाला ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री उठून बायकोला पाण्याचा तांब्या देणे आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी दारातच आवरणे. बायको नोकरी करीत असेल तर रजेची चौकशी आधी करून ठेवावी. २०१७ च्या दुरुस्तीपासून या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळते.

गावातील आशाताई आणि नर्सताई यांना हा विषय ठाऊक असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी रक्तदाब मोजून झाला की उठू नये. 'मला पाजायचे कसे ते दाखवा' असे म्हणावे. न विचारता कुणी सांगितले नाही, तर विचारून घ्यावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. धडा सातव्या महिन्यात, सासूबाई व आई दोघींना बरोबर घेऊन.
२. पहिल्या तासात बाळ छातीशी. पहिले अन्न चीक.
३. पहिले दोन-तीन दिवस दूध थोडेच असते. बाळालाही थोडेच लागते.
४. दिवस-रात्र ८ ते १२ वेळा पाजणे. जितका उपसा तितके दूध.
५. पाचव्या दिवसापासून सहा वेळा शू, पिवळी शी: दूध पुरते.
६. सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न आणि त्याबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ आईचे दूध.
७. शंका आली तर बाटली आणण्याआधी डॉक्टर किंवा नर्स.

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी परवा बाळाला लसीसाठी घेऊन आली होती. बाळ चांगले गुटगुटीत झाले आहे. तिच्याबरोबर तिची जाऊ होती, सातवा महिना लागलेली. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, 'डॉक्टर, हिला आत्ताच सांगा. टॉवेल मी घरून आणलाय.'

तुमच्या घरात, शेजारात कुणाला सातवा महिना लागला असेल तर हा लेख कापून तिच्या कार्डाबरोबर ठेवा.